अब्याने: लाल मातीचे गाव आणि एक हट्टी ‘व’

इराणमध्ये काशान शहरापासून सत्तरेक किलोमीटर दक्षिणेला करकस नावाचा डोंगर आहे. करकस म्हणजे गिधाड. ३,८९५ मीटर उंचीच्या या गिधाडाच्या अंगावर, साधारण २,२०० मीटरवर, अब्याने गाव बसले आहे. आपल्या कळसूबाईच्या माथ्याहूनही ते साडेपाचशे मीटर वर आहे. हिवाळ्यात बर्फ पडते. घरे उतारावर एकावर एक चढलेली, खालच्याचे छप्पर तेच वरच्याचे अंगण. आणि सगळे गाव लाल.

या लालीचे कारण मातीतले लोहाचे ऑक्साइड, म्हणजे हेमॅटाइट. ते उजेडातला निळा-हिरवा भाग गिळते आणि तांबडा परत पाठवते. कोकणातल्या जांभ्याचा रंग लोहाच्या ऑक्साइडांचाच. फरक असा, की आपल्याकडे धो धो पावसाने मातीतले बाकीचे क्षार धुऊन जातात आणि लोह मागे उरते. अब्यानेला पाऊस तुटपुंजा. तिथली लाली मुळात डोंगराचीच आहे.

पाऊस पडला की आमच्या भिंती आणखी घट्ट होतात, असे तिथे सांगतात. हे अर्धे खरे आहे. चिकणमातीचे कण पानांच्या थप्पीसारखे असतात. पाणी मिळाले की ते फुगतात, बारीक भेगा बुजतात, आणि वाळताना पुन्हा एकमेकांना धरून बसतात. पण प्रत्येक सर थोडी माती घेऊनही जाते. म्हणून भिंतीला काहगेल, म्हणजे भुसा घालून मळलेल्या चिखलाचा गिलावा, पुन्हा पुन्हा द्यावा लागतो. भुश्यामुळे वाळताना मोठ्या चिरा पडत नाहीत. छपरे सपाट मातीची. इराणच्या खेड्यांत अशा छपरावर दगडी रूळ ठेवलेला असतो. पावसाबर्फानंतर तो फिरवून माती दाबतात. सोलापूर-मराठवाड्याकडे माळवदाच्या घरात ज्यांचे बालपण गेले, त्यांना पावसाळ्याआधीची ही लगबग वेगळी सांगायला नको.

जाड मातीची भिंत ऊन सावकाश आत सोडते. दुपारचा तडाखा आतल्या खोलीत पोहोचेपर्यंत दहा-बारा तास जातात. तोवर बाहेर रात्रीचा गारठा पडलेला असतो आणि तीच ऊब हवीशी वाटते. शिवाय घरे एकमेकांना आणि डोंगराला चिकटलेली, त्यामुळे वाऱ्याला उघडी भिंत कमीच सापडते.

म्हणजे अब्यानेच्या भिंती जुन्या आहेत त्या दर पिढीने हात फिरवल्यामुळे. खरोखर तारीख कोरलेली जुनी वस्तू पाहायची तर जामे मशिदीत जावे लागते. तिथला लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनाचे आसन, हिजरी ४६६ चा आहे, म्हणजे इ.स. १०७३-७४. कोरीव लाकडी मेहराब, म्हणजे मक्केची दिशा दाखवणारा कोनाडा, हिजरी ४७७ चा, इ.स. १०८४-८५. इराणवर राज्य करणाऱ्या तुर्की सेल्जुक घराण्यातल्या सुलतान मलिकशाहचा हा काळ. याच वर्षांत तिकडे इस्फहानमध्ये कवी आणि गणिती उमर खय्याम आणि त्याचे सहकारी वर्षाचे दिवस मोजत होते. त्यातून १०७९ मध्ये जलाली कालगणना सुरू झाली. गावात हारपाक नावाची त्याहून जुनी वास्तूही आहे. ती सासानी काळातले, म्हणजे इस्लामपूर्व इराणी राजांच्या वेळचे, अग्निमंदिर होती, असे मानतात.

पर्यटक हे पाहतात, फुलाफुलांचे पांढरे रुमाल बांधलेल्या आजीबाईंचे फोटो काढतात आणि निघतात. मला मात्र या गावातले सर्वांत मोलाचे वाटते ते त्या आजीबाईंचे बोलणे.

तिथे हमखास ऐकायला मिळणारी एक गोष्ट अशी, की अब्यानेचे लोक हजार-दीड हजार वर्षांपूर्वीची पहलवी, म्हणजे आजच्या फारसीची पूर्वज भाषा, जशीच्या तशी बोलतात. हे पटण्यासारखे नाही. बोलली जाणारी कुठलीच भाषा इतकी वर्षे गोठून राहत नाही. ज्ञानेश्वरी वाचताना आपल्याला टीप का पाहावी लागते, ते आठवा. खरी गोष्ट वेगळी आहे, आणि माझ्या मते जास्त मजेदार आहे. अब्यानेची बोली ही फारसीची आई नाही आणि लेकही नाही, ती चुलत बहीण आहे. फारसी इराणी भाषांच्या नैर्ऋत्य शाखेतली, तर अब्याने, नतंझ, काशानच्या आसपासच्या खेड्यांतल्या बोली वायव्य शाखेतल्या. राजदरबार, कविता आणि शाळा फारसीला मिळाल्या. डोंगरातल्या या गावांकडे बोली राहिल्या.

हे नाते ओळखतात कसे? ध्वनींच्या हिशेबावरून. मराठी माणसाला हा हिशेब घरबसल्या करता येतो, कारण संस्कृत आणि जुन्या इराणी भाषा एकाच घरातल्या.

शब्दाच्या सुरुवातीचा जुना ‘व’ घ्या. फारसीने त्याचा बहुधा ‘ब’ केला: वाऱ्याला बाद, बर्फाला बर्फ, विसाला बीस्त. या डोंगरी बोलींनी आपला ‘व’ सोडला नाही. वाऱ्याचा त्यांचा शब्द ‘व’नेच सुरू होतो, आपल्या संस्कृत ‘वात’सारखा. दुसरे उदाहरण जावयाचे. संस्कृत जामातृ, पारशांच्या धर्मग्रंथाच्या अवेस्ता भाषेत झामातर, फारसीत दामाद. जुन्या ‘ज’ची जागा फारसीत ‘द’ने घेतली. वायव्येकडच्या बोलींत तिथे अजून ‘झ’ ऐकू येतो. ‘जाणणे’चेही तेच: फारसीचा धातू दान, त्यांचा झान.

तिसरा हिशेब दाराचा. संस्कृत द्वार, फारसी दर. आपला ‘दरवाजा’ त्यातूनच आला. या बोलींत मात्र दाराला बर म्हणतात. ‘द्व’चा ‘ब’ कसा झाला, असे वाटेल. पण हेच आपणही केले आहे: द्वादशचे बारा, द्वाविंशतिचे बावीस. गुजरातीत तर दारालाच बारणुं म्हणतात.

व्याकरणाकडे आलो की नाते आणखी जवळचे वाटते. मराठीत ‘मी आंबा खातो’ म्हणताना क्रियापद माझ्यामागे जाते, पण ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी भाकरी खाल्ली’ म्हणताना खाणाऱ्याकडे पाहतसुद्धा नाही. भूतकाळात अशी वेगळी रचना का? कारण मुळात ते ‘माझ्याकडून खाल्लेले’ असे कर्मणी वाक्य होते: संस्कृतात मया कृतम्, जुन्या मराठीत म्यां केले. इ.स.पूर्व ५२० च्या सुमारास इराणच्या दारयुश राजाने बेहिस्तूनच्या कड्यावर जुन्या फारसीत आपली कामगिरी कोरून घेतली, तिथे शब्द आहेत ‘मना कर्तम्’. मया कृतम् शेजारी ठेवून पाहा. पुढे फारसीने ही रचना टाकली, आजचा फारसी भाषक सरळ कर्त्याप्रमाणे क्रियापद चालवतो. अब्यानेकडच्या बोलींत तिची खूण टिकली आहे. सकर्मक भूतकाळात क्रियापदाला कर्त्याचा नेहमीचा प्रत्यय लागत नाही, कर्ता वेगळ्या चिमुकल्या सर्वनामाने दाखवतात. लिंगाचेही तसेच. फारसीत तो आणि ती दोघांनाही ‘ऊ’. अब्यानेच्या बोलीत पुल्लिंग-स्त्रीलिंग शाबूत आहे.

या घराण्याची एक बोली मुंबईतही येऊन राहिली. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून यझ्द आणि केरमानकडून जे झरथुष्ट्री इराणी मुंबई-पुण्यात आले, ज्यांच्या हॉटेलांत आपण ब्रून-मस्का खाल्ला, त्यांची घरची भाषा दारी. अफगाणिस्तानातली दारी ती वेगळी, ती फारसीच. इराण्यांची दारी अब्यानेच्या बोलीची नातेवाईक. गल्ल्यावर बसलेले शेठ घरच्यांशी जे बोलत, ते आपण फारसी समजून चाललो होतो.

२००६ च्या जनगणनेत अब्यानेत १६० कुटुंबे होती आणि माणसे ३०५. म्हणजे घरटी दोनसुद्धा नाहीत. तरणी मंडळी तेहरान, काशानला गेली. भिंतीला गिलावा द्यायला मजूर आणता येतो. वारसा म्हणून इमारतींना संरक्षण मिळते, पैसाही मिळतो. नातवाशी फारसीत बोलणाऱ्या आजीसाठी असली योजना कोण करणार?

गावाचे नावच घ्या. फारसीत वाळुंजाच्या झाडाला बीद म्हणतात. गावच्या बोलीत ते वी, जुना ‘व’ राखून. आपला वेत त्याच मुळातला. एके काळी इथे वाळुंजांची राई होती, म्हणून गाव वीयाने, आणि त्याचे फारसी कागदोपत्री झाले अब्याने, असे सांगतात. रस्त्यावरच्या पाटीवर अब्यानेच लिहिले आहे. गावातली म्हातारी माणसे अजून वीयूना म्हणतात.