प्रियसची बॅटरी आणि आठ वर्षांचा बागुलबुवा
‘हायब्रिडची बॅटरी आठव्या वर्षी राम म्हणते, त्याआधी नव्या पिढीची गाडी घेऊन टाका,’ असं टोयोटाच्या प्रियस या हायब्रिड (पेट्रोल इंजिन आणि विजेची मोटर दोन्ही असलेल्या) गाडीबद्दल अमेरिकेतली आपली मंडळी अजूनही एकमेकांना सांगतात. अहो, आठ वर्षं ही तिथल्या वॉरंटीची मुदत होती, बॅटरीचं आयुष्य नव्हे! 2020 च्या मॉडेलपासून टोयोटाने तीच 10 वर्षं केली. तिसऱ्या पिढीच्या प्रियसच्या बॅटरीत 28 मॉड्यूल, म्हणजे सेलचे छोटे संच, असतात. गाडीतला संगणक त्यांना ना पुरतं भरू देतो, ना पुरतं रिकामं होऊ देतो. म्हणून बॅटरी टिकते. खरा शत्रू उष्णता. मागच्या सीटशेजारच्या जाळीत धूळ, कुत्र्याचे केस अडकले की बॅटरीला थंड हवा पोचत नाही. आधी ती साफ करा. पाचवी पिढी 194 अश्वशक्तीसाठी हवी असेल तर खुशाल घ्या. फक्त घरातल्या उंच माणसाला मागे बसवून बघा, छत बरंच खाली आलंय.