मशीन उष्ण पडत नाही, तोंड उघडं पडतं

साताऱ्यात सकाळी अजिंक्यताऱ्यावर चढणाऱ्यांत आजकाल सीपॅपवाले, म्हणजे झोपेत श्वास अडतो म्हणून रात्री मास्क लावून हवेचं मशीन वापरणारे, बरेच निघतात. परवा त्यातल्याच एका काकांनी जाहीर केलं, "मशीन उष्ण पडतं रे, नाक चोंदतं, घशाला कोरड पडते, बंद केलं मी." लगेच एकाने सब्जा सुचवला, दुसऱ्याने बेंबीत तेल, आणि तिसरा म्हणाला बरं केलंत, ऑक्सिजनची सवय लागते. अहो, त्या मशीनमध्ये वेगळा ऑक्सिजन नसतोच! खोलीतलीच हवा थोडी दाबाने आत सोडतात, झोपेत घसा मिटू नये म्हणून. १९८१ साली सिडनीत कॉलिन सलिव्हन यांनी हा उपाय मांडला तेव्हापासून तत्त्व तेच आहे. दाब म्हणाल तर साधारण ४ ते २० सेंटिमीटर उंच पाण्याएवढा, त्यातला १० म्हणजे वातावरणाच्या दाबाच्या जेमतेम १ टक्का.

मग नाक का चोंदतं? माझ्या मते सीपॅपमधली सगळ्यात भारी गोष्ट हीच आहे.

नाक हे येणारी-जाणारी हवा तपासणारं वसुलीचं नाकं आहे असं समजा. आत येणाऱ्या हवेला ते ऊब आणि ओल देतं, आणि तीच हवा बाहेर जाताना त्यातली थोडी ओल परत काढून घेतं. आता फक्त नाकाचा मास्क लावलाय आणि झोपेत तोंड उघडलं, तर हवा नाकातून आत आणि तोंडातून सरळ बाहेर. वसुली बंद! वर मशीनला दाब टिकवायचा असतो, त्यामुळे जेवढं लीक तेवढी हवा ते जास्त ढकलतं. जानेवारीत खोली १५ अंशांवर असेल तर एका घनमीटर हवेत जास्तीत जास्त १३ ग्रॅम पाणी मावतं, शरीराच्या ३७ अंशांना मात्र ४४ ग्रॅम. फरक ३१ ग्रॅमचा, तो नाकाने भरायचा. लीक मिनिटाला ३० लिटर धरलं तर तासाला १.८ घनमीटर, म्हणजे ५० ग्रॅमच्या वर पाणी, एवढं नाकाला झेपतच नाही. मग आतलं अस्तर सुकतं, त्यावरचा ओलावा खारट होतो, पेशी हिस्टामिनसारखी रसायनं सोडतात, रक्तवाहिन्या फुगतात आणि नाक बंद. नाक बंद म्हणून तोंड अजून उघडं, म्हणून लीक अजून जास्त. काकांची "उष्णता" ती हीच, सब्जाने काय होणार.

यावर उपाय गरम पाण्याचा ह्युमिडिफायर, म्हणजे मशीनच्या हवेला ऊब आणि ओल देणारी पाण्याची टाकी, आणि तोंड उघडंच राहत असेल तर हनुवटीचा पट्टा किंवा नाक-तोंड दोन्ही झाकणारा मास्क. रील्समध्ये तोंडाला चिकटपट्टी लावून झोपायचं फॅड आलंय त्याच्या नादी लागू नका, नाक चोंदलेलं असताना तर मुळीच नाही.

ह्युमिडिफायर फुल्ल केला की आपल्याकडच्या थंडीत वेगळीच गंमत. ३० अंशांच्या ओल्या हवेत ३० ग्रॅम पाणी असतं, ती नळीत १५ अंशांपर्यंत गार झाली तर निम्म्याहून जास्त पाणी तिथंच सुटतं, नळीत गुडगुड होते आणि पहाटे तोंडावर गार पाण्याचा शिपका. नळी पांघरुणाखालून घ्यायची किंवा तिला कापडी खोळ शिवायची, मशीन गादीच्या पातळीपेक्षा खाली ठेवायचं म्हणजे पाणी उलट टाकीत जातं. टाकीत डिस्टिल्ड वॉटरच घाला आणि ते रोज बदला, बोअरच्या पाण्याने तळाला पांढरे क्षार धरतात.

नाकाच्या हाडावर वळ उठत असेल तर बहुतेक वेळा मास्कचे पट्टे जास्त आवळलेले असतात. ते बसून नाही, आडवं पडून मशीन चालू ठेवून बसवायचे. मास्कची सिलिकॉनची गादी रोज साबणाने धुवायची, चेहऱ्याच्या तेलाने ती घसरते आणि मग माणूस अजून आवळतो.

पोट फुगणं, सारखे ढेकर, हे हवा अन्ननलिकेत शिरल्यामुळे. डाव्या कुशीवर झोपून, उशाकडची बाजू थोडी उंच करून बघा, नाहीच थांबलं तर प्रेशर तपासायला डॉक्टरांकडे जा, सेटिंग आपलं आपण कमी करू नका, कारण प्रेशर फार कमी पडलं की घसा परत मिटायला लागतो आणि ते झोपेत कळत नाही.