आजीच्या पाटल्यांचा टंच: सोन्याची सरकारमान्य तपासणी आणि हॉलमार्क कसा करून घ्यायचा

आईकडच्या जुन्या पाटल्या मोडायला ठाण्यातल्या एका पेढीत गेलो होतो. काउंटरवरच्या मुलाने त्या मशीनखाली धरल्या, पडद्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "पंच्याऐंशी टंच." कागद मागितला, तर "तो आम्ही देत नाही." पाटल्या परत पिशवीत घातल्या आणि दुसऱ्या दिवशी मान्यताप्राप्त केंद्रात नेल्या. तिथे एकोणनव्वद निघाले. टंच म्हणजे शंभर भागांत सोनं किती. चाळीस ग्रॅमवर चार टंच म्हणजे १.६ ग्रॅम शुद्ध सोनं. मुलगा खोटं बोलला असेलच असं नाही. मशीन पृष्ठभाग वाचतं, तेही एका टिंबाएवढ्या जागेवर, आणि ते टिंब डाखावर, म्हणजे सांधा जोडलेल्या जागी पडलं तर आकडा खाली येतो. पण मोडीचा भाव त्याच आकड्यावर लागतो. म्हणून दुकानात जायच्या आधी आपला कागद आपल्या हातात हवा.

तपासणी आणि हॉलमार्क या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि बहुतेकांचा घोळ इथेच होतो. तपासणी म्हणजे दागिन्यात सोनं किती ते सांगणारा अहवाल. तो कुठलाही ग्राहक भारतीय मानक ब्युरोच्या (बीआयएस) मान्यताप्राप्त केंद्रात थेट जाऊन घेऊ शकतो. सराफाची शिफारस वगैरे काही लागत नाही. हॉलमार्क म्हणजे दागिन्यावर लेझरने कोरलेली खूण. ती मात्र ग्राहकाला थेट केंद्रातून मारून मिळत नाही. जुन्या दागिन्यावर हॉलमार्क हवाच असेल, तर बीआयएसकडे नोंदणी असलेल्या सराफाकडे द्यायचा आणि त्याने तो केंद्रात पाठवायचा. दागिना मोडायचा किंवा बदलायचाच असेल, तर माझ्या मते अहवाल पुरेसा आहे.

केंद्र शोधायला बीआयएसच्या संकेतस्थळावर हॉलमार्किंगच्या विभागात यादी आहे. जुन्या पत्त्यावर विसंबून निघू नका, केंद्रांची मान्यता रद्दही होते. नवी मुंबईकरांनी आणखी एक लक्षात ठेवायचं. ऐरोली ते बेलापूर हा भाग ठाणे जिल्ह्यात येतो, पण खारघर आणि पनवेल रायगडमध्ये. शोधताना दोन्ही जिल्हे पाहा. झवेरी बाजारात केंद्रं भरपूर आहेत, पण पाटल्या पर्समध्ये घालून लोकलने तिथवर जाणं मला तरी झेपत नाही.

दर ठरलेला आहे. चार दागिन्यांपर्यंत २०० रुपये, पाच किंवा जास्त असतील तर नगामागे ४५ रुपये, वर १८ टक्के जीएसटी. म्हणजे एक पाटली नेली काय आणि चार नेल्या काय, २३६ रुपयेच. सगळ्या मिळून चारच्या आत असतील, तर वहिनीच्या, काकूच्या पाटल्या सोबत नेल्या तरी जास्तीचं काही पडत नाही.

सोबत दागिना, तुमचं एखादं ओळखपत्र आणि जुनी पावती असेल तर ती घ्या. पावती नसली तरी काही अडत नाही. आजीच्या पाटल्यांची पावती कुणाकडे असते? दागिना हातातून सोडण्याआधी समोर वजन करून घ्या आणि ते पोचपावतीवर लिहून घ्या. परत घेताना पुन्हा वजन करा. यात संकोच करायचं कारण नाही, रोजचे सराफही तेच करतात.

आधी एक्स-रे मशीनवर दागिना पाहतात. त्याला ओरखडाही पडत नाही. खरा निकाल मात्र अग्निपरीक्षेतून येतो, आणि हे नाव अगदी शब्दशः खरं आहे. दागिन्यातून थोडंसं सोनं काढून, चांदी घालून, शिशाच्या पत्र्यात गुंडाळून भट्टीत ठेवतात. शिसं तांब्यासारखे हिणकस धातू घेऊन मुशीत जिरतं. उरलेला मणी चपटा करून नत्राम्लात उकळतात, म्हणजे चांदीही विरघळून जाते. मागे राहिलेलं शुद्ध सोनं तोलायचं. यासाठी दागिना थोडा कापावा लागतो, म्हणून आपला होकार देण्याआधी विचारा आणि अहवालात कुठली पद्धत लिहिली आहे ते पाहा. बोरमाळेसारख्या लाख भरलेल्या दागिन्यात टंच चांगला आला, तरी वजनातला लाखेचा भाग सोनं नाही, हेही ध्यानात असू द्या.

आता नवीन खरेदीचं. ठाणे जिल्ह्यात हॉलमार्क सक्तीचा आहे. १ एप्रिल २०२३ पासून दागिन्यावर तीन खुणा हव्यात: बीआयएसचं त्रिकोणी चिन्ह, शुद्धता (उदाहरणार्थ २२ कॅरेटला ९१६, १८ ला ७५०, १४ ला ५८५) आणि सहा अक्षरा-आकड्यांचा एचयूआयडी, म्हणजे त्या दागिन्याचा स्वतःचा ओळख क्रमांक. खुणा बारीक असतात. दुकानात दहापट मोठं दाखवणारं भिंग ठेवणं सराफाला बंधनकारक आहे, बिनधास्त मागा. मग 'बीआयएस केअर' अॅपमध्ये एचयूआयडी टाका. सराफ, केंद्र, दागिन्याचा प्रकार आणि शुद्धता दिसते. हातात अंगठी आणि अॅपवर बांगडी आली, तर तिथूनच उठा. "केडीएम आहे ना?" हा प्रश्न मात्र आता सोडून द्या. केडीएम म्हणजे कॅडमियमचा डाख, शुद्धतेची हमी नव्हे.

याआधीच्या चार खुणांचा, एचयूआयडी नसलेला हॉलमार्क घरात असेल तर तो वैधच आहे, पुन्हा मारायची गरज नाही. दोन ग्रॅमपेक्षा हलका दागिना आणि कुंदन, पोलकी, जडाऊ काम सक्तीतून वगळलेलं आहे. म्हणून बाळाच्या छोट्या बाळीवर खूण दिसली नाही तर लगेच भांडायला जाऊ नका. वर्षाला ४० लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या सराफालाही सूट आहे.

ज्यांना दुकान काढायचं आहे त्यांच्यासाठी थोडक्यात: नोंदणी 'मानकऑनलाइन' पोर्टलवर होते आणि ती कायमची असते, मात्र प्रत्येक दुकानासाठी वेगळी घ्यावी लागते. व्यवसायाचा, जागेचा आणि सही करणाऱ्याच्या ओळखीचा पुरावा लागतो.

हॉलमार्कचा दागिना कमी टंचाचा निघाला तर नुकसानभरपाई मिळते: शुद्धतेतल्या तुटीच्या रकमेची दुप्पट आणि वर तपासणीचा खर्च. समजा २० ग्रॅमची बांगडी ९१६ म्हणून विकली आणि ८७५ निघाली. तूट हजारात ४१, म्हणजे ०.८२ ग्रॅम. हिशोबाला शुद्ध सोनं ग्रॅमला १०,००० रुपये धरलं तर ८,२०० रुपये, आणि हाती येणारे १६,४००. तक्रार बीआयएस केअर अॅपवर किंवा १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर करता येते. तिला बिल लागतंच. बिलावर दागिन्याचं वर्णन, निव्वळ वजन, कॅरेट आणि हॉलमार्कचं शुल्क वेगळं लिहिलेलं हवं. "जीएसटी वाचवून देतो" म्हणत कोऱ्या चिठ्ठीवर तोळे लिहून देणाऱ्याकडून घेतलेल्या बांगडीवर हा हिशोब लागू करता येत नाही.