औषध म्हणून गांजा: कॅनडातील रुग्णांच्या लागवडीच्या हक्काची पार्श्वभूमी

कॅनडात १७ ऑक्टोबर २०१८ पासून प्रौढांना गांजा विकत घेण्याची आणि जवळ बाळगण्याची मुभा मिळाली, तेव्हा रुग्णांचा लढाही आता संपला, असे अनेकांनी गृहीत धरले. पण ज्याला रोज ठरावीक मात्रेत गांजा घ्यावा लागतो, त्याच्यापुढे दोन प्रश्न असतात: तो कायद्याने मिळेल का, आणि मिळालाच तर परवडेल का. पहिल्याचे उत्तर न्यायालयांनी टप्प्याटप्प्याने दिले, दुसऱ्याला मात्र बहुतेक वेळा बगल दिली. घरी रोपे लावण्याचा हक्क या दोन्ही प्रश्नांच्या सांध्यावर उभा आहे.

कॅनडाने गांजावर बंदी घातली ती १९२३ मध्ये. तिला खरा तडा गेला तो टेरन्स पार्कर यांच्या खटल्याने. पार्कर यांना अपस्माराचा तीव्र आजार होता. मेंदूवर शस्त्रक्रिया होऊनही झटके थांबले नव्हते आणि नेहमीच्या औषधांना गांजाची जोड दिल्यावरच ते आटोक्यात येत. विकतचा गांजा महाग आणि बेभरवशाचा, म्हणून ते घरीच रोपे वाढवत. पोलिसांनी रोपे जप्त करून गुन्हा दाखल केला. ३१ जुलै २००० रोजी ओंटारिओच्या अपील न्यायालयाने निकाल दिला की, गंभीर आजारी माणसाला तुरुंगाचा धाक दाखवून त्याचे औषध तोडणे हे हक्कांच्या सनदेतील कलम ७ चे, म्हणजे जीवित, स्वातंत्र्य आणि शारीरिक सुरक्षिततेच्या हमीचे, उल्लंघन आहे. सरकारला कायदा सुधारण्यासाठी एक वर्षाची मुदत देण्यात आली.

त्यातून जुलै २००१ मध्ये वैद्यकीय गांजाची पहिली नियमावली आली. तिच्यात रुग्णाला स्वतः लागवड करता येत होती किंवा आपल्या वतीने दुसऱ्याला नेमता येत होते. पुढे सरकारनेही मॅनिटोबातील फ्लिन फ्लॉन येथे, खाणीच्या भूमिगत भागात, कंत्राटाने गांजा पिकवून घेतला आणि तो ग्रॅमला ५ डॉलर दराने दिला. मात्र त्याच्या दर्जाबद्दल रुग्णांच्या तक्रारी कायम राहिल्या. लागवडीवरील अटी तर जाचकच होत्या. नेमलेल्या व्यक्तीने एकाच रुग्णासाठी पिकवायचे, ही त्यांतली सर्वांत त्रासदायक अट. हातपाय न चालणाऱ्या किंवा बागकामाचा गंध नसलेल्या रुग्णाने केवळ आपल्यासाठी मोकळा असलेला माणूस आणायचा तरी कुठून? ही अट अपील न्यायालयाने २००३ मध्ये रद्द केली, सरकारने ती काही आठवड्यांतच पुन्हा आणली, आणि २००८ मध्ये फेडरल न्यायालयाने ती पुन्हा मोडीत काढली. त्यावर सरकारने एकाचे दोन रुग्ण केले, एवढेच.

मोठा आघात झाला तो २०१३ मध्ये. नव्या नियमावलीने ठरवले की १ एप्रिल २०१४ पासून घरगुती लागवड बंद होईल आणि परवानाधारक कंपन्यांकडून टपालाने येणारा सुका गांजा हाच एकमेव कायदेशीर मार्ग राहील. घरात बुरशी धरते, आगी लागतात, चोर शिरतात, अशी कारणे पुढे करण्यात आली. रुग्णाच्या बाजूने हिशेब मांडला की या निर्णयाचा अर्थ कळतो. दिवसाला ५ ग्रॅमची मात्रा आणि ग्रॅमला साडेआठ डॉलर दर धरला, तर महिन्याचा खर्च १,२७५ डॉलर होतो, आणि यांतले अनेक रुग्ण अपंगत्व निवृत्तिवेतनावर जगणारे होते. त्यांनी दिवे, खते, हवा खेळती ठेवण्याची यंत्रणा यांवर आधीच पैसे घातले होते आणि वर्षानुवर्षांच्या अनुभवातून आपल्या आजाराला मानवणारे वाण शोधून काढले होते. ती रोपे नष्ट करायला सांगणे म्हणजे औषधच हिरावून घेणे होते, असे माझे स्पष्ट मत आहे.

नील अलार्ड आणि इतर तिघांनी याविरुद्ध फेडरल न्यायालयात धाव घेतली. २१ मार्च २०१४ रोजी, बंदी लागू होण्याच्या अकरा दिवस आधी, अंतरिम मनाई हुकूम मिळाला आणि जुने परवाने टिकले. मात्र परवान्यावरील पत्ता बदलण्याची सोय त्यात नव्हती, त्यामुळे घर बदलावे लागलेल्या रुग्णाचा लागवडीचा हक्क त्या घराबरोबरच सुटला. अंतिम निकाल २४ फेब्रुवारी २०१६ रोजी न्यायमूर्ती मायकेल फेलन यांनी दिला. धोक्यांविषयीचा सरकारी पुरावा त्यांना पटला नाही आणि संपूर्ण नियमावली घटनाबाह्य ठरली. दरम्यान २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने रुग्णांना तेल आणि खाद्यपदार्थांच्या रूपातही गांजा वापरण्याची मोकळीक दिली होती.

ऑगस्ट २०१६ च्या नियमांनी घरगुती लागवड परत आणली. घरात वाढवायची असतील तर रोजच्या एका ग्रॅममागे पाच रोपे आणि उघड्यावर दोन, असे त्यांचे गणित आहे. २०१८ च्या कायद्यानंतरही रुग्णांची ही वेगळी नोंदणी चालू राहिली.

परंतु अलार्ड निकालातच न्यायमूर्तींनी बजावले होते की हा खटला स्वस्त औषधाच्या हक्काचा नाही. त्याचे परिणाम पुढे दिसले. कॅनडात डॉक्टरांच्या चिठ्ठीवरील औषधांना विक्रीकर लागत नाही, गांजाला मात्र लागतो. शिवाय २०१८ पासून ग्रॅममागे १ डॉलर किंवा १० टक्के, यांपैकी जास्त असेल ते, उत्पादन शुल्क रुग्णांच्या गांजावरही आले. ते उत्पादकाकडून वसूल होते आणि काही उत्पादक ते स्वतः सोसतात, पण ज्यांचे उत्पादक ते सोसत नाहीत, त्या दिवसाला ५ ग्रॅम घेणाऱ्यांवर महिन्याला किमान १५० डॉलरचा बोजा पडतो. माजी सैनिकांना खर्चाची भरपाई मिळते, मात्र २०१६ मध्ये तिची नेहमीची मर्यादा दिवसाला १० ग्रॅमवरून ३ ग्रॅमवर आणण्याचे जाहीर झाले. नोव्हा स्कोशियातील एका लिफ्ट मेकॅनिकला मानवी हक्क मंडळाने २०१७ मध्ये विम्यातून भरपाई मंजूर केली होती; पुढच्याच वर्षी प्रांताच्या अपील न्यायालयाने ती रद्द केली, कारण त्याची विमा योजना केवळ रीतसर मान्यता मिळालेल्या औषधांचाच खर्च देत होती आणि गांजाला तशी मान्यता नाही.