फ्लॉरेन्समधील प्रेक्षणीय स्थळे

फ्लॉरेन्स (इटालियन नाव फिरेंझे) हे इटलीच्या टस्कनी विभागाचे राजधानीचे शहर आर्नो नदीच्या दोन्ही काठांवर वसलेले असून प्रबोधनकालीन वास्तू, शिल्पे आणि चित्रे यांसाठी ते जगभर ओळखले जाते. इ. स. पू. ५९ मध्ये रोमनांनी येथे फ्लोरेन्तिया नावाची वसाहत केली. मध्ययुगात लोकरीच्या व्यापारावर आणि सावकारीवर शहर गबर झाले, तर पंधराव्या शतकात मेदीची या पेढीवाल्या घराण्याचा वरचष्मा निर्माण झाल्यावर त्या पैशाचा मोठा वाटा कलेकडे वळला. १८६५ ते १८७१ या काळात संयुक्त इटलीची राजधानीही येथेच होती. १९८२ मध्ये जुन्या शहराचा समावेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत झाला. हे जुने शहर इतके आटोपशीर आहे, की कथीड्रलपासून नदीवरच्या जुन्या पुलापर्यंत पायी दहा-बारा मिनिटांत पोहोचता येते. पाहायला मात्र तीन दिवसही अपुरे पडतात.

शहरात हिंडताना एक गोष्ट ध्यानात ठेवणे इष्ट आहे. चौकांत उघड्यावर दिसणारी बरीच नामांकित शिल्पे प्रतिकृती असून, ऊनपावसापासून जपण्यासाठी मूळ कलाकृती संग्रहालयांत हलविल्या आहेत. कोणती वस्तू मूळ जागी आहे आणि कोणती नाही, हे आधी समजून घेतले तर वेळेची आखणीही सोपी होते.

सान्ता मारिया देल फिओरे या कथीड्रलचे बांधकाम १२९६ मध्ये आर्नोल्फो दि काम्बिओच्या आराखड्यानुसार सुरू झाले. भिंती चढत गेल्या, पण सुमारे ४५ मीटर रुंदीच्या अष्टकोनी मोकळ्या जागेवर घुमट कसा घालायचा, हा पेच पुढच्या पिढ्यांवर सोडला गेला, कारण एवढ्या रुंदीला आणि उंचीला पुरेल असे लाकडी सेंटरिंग उभारणे अवघड होते. फिलिप्पो ब्रुनेलेस्की याने १४२० ते १४३६ या काळात जमिनीपासून आधार न देताच तो घुमट उभा केला. त्यासाठी त्याने एकात एक असे दोन घुमट बांधले आणि विटांची रचना माशाच्या काट्यासारखी केली. आडव्या विटांच्या थरात ठरावीक अंतरावर एकेक वीट उभी बसविल्यामुळे चुना ओला असतानाही आत झुकलेला थर घसरत नसे, आणि एक फेरा पुरा झाला की तो स्वतःचा भार स्वतःच पेलत असे. घुमटावर जाण्यासाठी ४६३ पायऱ्या असून लिफ्ट नाही. वाट दोन घुमटांच्या मधल्या अरुंद बोळातून जाते. शेवटी तर बाजूची भिंत डोक्यावर कलू लागते आणि पाठ वाकवूनच चढावे लागते. माथ्यावरून दिसणाऱ्या शहराचे कौतुक सगळेच करतात. पण या बोळात थांबून त्या उभ्या विटा शोधणे हा, जाणकाराच्या दृष्टीने, चढणीचा खरा मोबदला होय. वर जाण्याची वेळ आगाऊ आरक्षित करावी लागते. ज्यांना पांढऱ्या, हिरव्या आणि गुलाबी संगमरवराचा दर्शनी भाग मध्ययुगीन वाटतो, त्यांनी तो १८८७ मध्ये पूर्ण झाला हे लक्षात घ्यावे. अपुरा राहिलेला जुना दर्शनी भाग १५८७ मध्ये उतरविल्यावर तीनशे वर्षे तेथे कोरी भिंतच होती. शेजारचा ज्योत्तोचा घंटाघर-मनोरा सुमारे ८५ मीटर उंच असून त्याच्या ४१४ पायऱ्या चढल्या की घुमट समोरून दिसतो.

कथीड्रलसमोरील अष्टकोनी बाप्तिस्मागृहात कवी दान्तेचा बाप्तिस्मा झाला होता. त्याच्या पूर्वेकडील, सोन्याचा मुलामा दिलेल्या कांस्य दरवाजांवर लोरेंझो गिबेर्ती १४२५ पासून १४५२ पर्यंत राबला. आज तेथे प्रतिकृती असून मूळ दरवाजे मागच्या बाजूला असलेल्या कथीड्रल-संग्रहालयात आहेत. गर्दी बाहेरच्या प्रतिकृतीपुढे असते आणि मूळ दरवाजांपुढे निवांत उभे राहता येते.

मायकेलअँजेलोच्या ‘डेव्हिड’चीही कथा अशीच आहे. आधीच्या शिल्पकारांनी अर्धवट सोडलेल्या एकाच संगमरवरी ठोकळ्यातून १५०१ ते १५०४ मध्ये घडविलेला हा ५.१७ मीटर उंचीचा पुतळा नगरसभेच्या वाड्यापुढे, म्हणजे पालात्सो वेक्कियोपुढे, उभा करण्यात आला. १८७३ मध्ये तो अकादेमिया संग्रहालयात नेला गेला आणि १९१० मध्ये मूळ जागी प्रतिकृती बसली. त्याच चौकात साव्होनारोला या बंडखोर धर्मोपदेशकाला १४९८ मध्ये फाशी देऊन जाळल्याची जागा फरशीतील गोल शिळेने दाखविली आहे. चौकातल्या कमानदार मंडपात चेल्लिनीचा ‘पर्सियस’ हा पुतळा उघड्यावर, विनामूल्य पाहता येतो.

वाड्याला लागूनच उफ्फिझी कलादालन आहे. ‘उफ्फिझी’चा अर्थच मुळी कचेऱ्या, मेदीची घराण्यातील ड्यूक पहिला कोझिमो याने आपला कारभार एका छताखाली आणण्यासाठी १५६० मध्ये ही इमारत वास्तुकार व्हासारीकडून बांधून घेण्यास सुरुवात केली. बोत्तिचेल्लीची ‘व्हीनसचा जन्म’ आणि ‘वसंत’ ही चित्रे येथेच आहेत. एवढा संग्रह शहरात टिकला याचे श्रेय मेदीची घराण्याच्या अखेरच्या वारसदार आन्ना मारिया लुइझा यांना द्यावे लागते. १७३७ मध्ये राज्य नव्या घराण्याकडे जाताना, कलासंग्रहातील काहीही शहराबाहेर हलवायचे नाही, अशी अट त्यांनी करारात घालून घेतली. उफ्फिझी आणि अकादेमिया ही दोन्ही संग्रहालये सोमवारी बंद असतात.

पोन्ते वेक्कियो हा १३४५ मधील पूल आजही दुकानांनी भरलेला आहे. पूर्वी येथे खाटकांची दुकाने होती. १५९३ मध्ये ती हटवून सोनारांना जागा देण्यात आली, कारण पुलावरून व्हासारीने बांधलेल्या बंदिस्त मार्गाने ड्यूकांची ये-जा असे आणि खालची दुर्गंधी त्यांना नकोशी होई. ऑगस्ट १९४४ मध्ये माघार घेणाऱ्या जर्मन सैन्याने शहरातील बाकीचे सर्व पूल उडविले, पण हा राखला. नदीपलीकडे पित्ती राजवाडा व बोबोली उद्यान आहे. वेळ थोडा असेल तर ती वगळून जवळच्या ब्रांकाच्ची प्रार्थनागृहातील मासाच्चोची भित्तिचित्रे पाहावीत.

सान्ता क्रोचे चर्चमध्ये मायकेलअँजेलो, गॅलिलिओ आणि मॅकियाव्हेली यांच्या कबरी आहेत. दान्तेची मात्र नुसती रिकामी समाधी आहे. शहराने हद्दपार केलेला हा कवी राव्हेन्ना येथे निधन पावला आणि त्याच्या अस्थी राव्हेन्नाने परत दिल्या नाहीत. ४ नोव्हेंबर १९६६ च्या महापुरात चिमाबुएने रंगविलेल्या येथील क्रूसाचा बराचसा रंग वाहून गेला. पाणी कुठवर चढले होते हे दाखविणाऱ्या पाट्या या परिसरातील भिंतींवर डोक्याच्याही वर दिसतात.

मराठी प्रवाशाने जुन्या शहराबाहेर, पश्चिमेच्या कास्चिने उद्यानाच्या अगदी टोकाला जायला हवे. इंग्लंडच्या प्रवासाहून परतताना कोल्हापूरचे छत्रपती राजाराम महाराज (दुसरे) वयाच्या विसाव्या वर्षी ३० नोव्हेंबर १८७० रोजी फ्लॉरेन्समध्ये निवर्तले. तेथे दहनाची प्रथा नव्हती. तरीही खास परवानगी मिळून आर्नो आणि मुन्योने या नद्यांच्या संगमावर त्यांच्यावर हिंदू पद्धतीने अंत्यसंस्कार झाले. त्या जागी १८७४ मध्ये छत्री उभारण्यात आली. तिच्याखालील रंगीत अर्धपुतळा शिल्पकार फुलर यांचा असून छत्रीचा आराखडा चार्ल्स मँट यांचा आहे. कोल्हापूरचा नवा राजवाडाही पुढे त्यांच्याच आराखड्यानुसार बांधला गेला. शेजारून आर्नो ओलांडणारा आधुनिक पूल ‘पोन्ते आल्लिंदियानो’, म्हणजे ‘भारतीयाजवळचा पूल’, या नावाने ओळखला जातो.