फादरची बदली अन् त्यामागचं ‘हो’

आवडते फादर बदलून गेले की पॅरिशमध्ये, म्हणजे कॅथलिक चर्चच्या स्थानिक मंडळीत, कुजबुज सुरू होते, बिशपना (धर्मप्रांताच्या, म्हणजे अनेक पॅरिशच्या, प्रमुखांना) कोण विचारणार वगैरे, पण फादर स्वतः मात्र गपचूप बॅग भरतात. का? तर गुरुदीक्षेच्या, म्हणजे फादर होण्याच्या विधीच्या, दिवशी त्यांनी बिशपसमोर गुडघे टेकून, जोडलेले हात त्यांच्या हातांत देऊन, तुमचा आणि तुमच्यानंतर येणाऱ्यांचा मान राखीन, आज्ञा पाळीन असं वचन दिलेलं असतं. ही हात देण्याची रीत मूळची चर्चची नाहीच बरं का, मध्ययुगात युरोपातले मांडलिक धन्यासमोर असेच हात जोडून निष्ठा वाहायचे, तिथून ती आली.

आज्ञापालनाची कल्पना मात्र त्याहून जुनी. सहाव्या शतकात संत बेनेडिक्टने आपल्या मठासाठी नियम लिहिले त्यातला पहिलाच शब्द ‘ऐक’. लॅटिनमधला आज्ञापालनाचा शब्दही ऐकण्यावरूनच आलाय, आपण नाही का म्हणत ‘पोरगं ऐकत नाही’, तसंच.

मग आला इग्नेशियस, मूळचा लढवय्या, जेसुइट या फादरांच्या संघाचा संस्थापक. प्रेत जसं न्याल तिकडे जातं तसं वरिष्ठांच्या हाती राहावं असं त्याने लिहिलं आणि त्यावरून जेसुइटांना टोमणे बसतात ते आजतागायत. पण मत वेगळं असेल तर प्रार्थना करून वरिष्ठांना सांगावं हेही त्याच्याच १५५३च्या पत्रात आहे, ते कुणी सांगत नाही! १५४० मध्ये भारतात जायचं होतं बोबादिला या जेसुइटाला, तो आजारी पडला म्हणून ऐनवेळी इग्नेशियसने त्याच संघातल्या फ्रान्सिस झेवियरला सांगितलं आणि तो लगेच रोममधून निघालासुद्धा, ६ मे १५४२ला गोव्यात. पुढे जून १५५३ मध्ये इग्नेशियसने त्याला युरोपात परत बोलावणारं पत्र लिहिलं, पण झेवियर तर ३ डिसेंबर १५५२लाच चीनजवळच्या एका बेटावर वारला होता, बातमीच पोचली नव्हती.

एक घोळ नेहमी होतो, सगळ्या फादरांचं आज्ञापालन एकसारखंच समजलं जातं. झेवियरसारख्या संघातल्या फादरांचं ते व्रत, ब्रह्मचर्य आणि दारिद्र्याच्या जोडीचं, तर धर्मप्रांतातल्या फादरांचं बिशपला दिलेलं वचन.

आणि १९८३च्या चर्च कायद्यात बदलीची रीतसर पद्धतच दिलीय. पॅरिश प्रीस्टला (पॅरिश सांभाळणाऱ्या फादरला) बिशपने आधी लेखी सुचवायचं, समजवायचं. फादरला पटलं नाही तर त्यांनी कारणं लेखी द्यायची, ती बिशपने दोन ठरलेल्या फादरांसोबत बसून तपासायची, आणि तरीही बदलीच योग्य वाटली तर आधी पुन्हा समजूत घालायची, मग ऑर्डर.