मुंबई महापालिका शाळा

बृहन्मुंबई महानगरपालिकेच्या शिक्षण विभागामार्फत चालणाऱ्या बालवाड्या, प्राथमिक व माध्यमिक शाळा. बोलण्यात ‘म्युनिसिपालिटीची शाळा’. प्राथमिक शिक्षण हे पालिकेचे कर्तव्य असल्याचे १८८८च्या महापालिका अधिनियमातच आहे. ते सक्तीचे करण्याची तरतूद १९२०च्या मुंबई शहर प्राथमिक शिक्षण कायद्याने झाली.

या व्यवस्थेचे सर्वांत ठळक वैशिष्ट्य म्हणजे माध्यमे. मराठी, हिंदी, उर्दू, गुजराती, तमिळ, तेलुगू, कन्नड आणि इंग्रजी अशा आठ भाषांतून येथे शिकवले जाते. हे कोणा शिक्षणतज्ज्ञाच्या डोक्यातून निघालेले धोरण नव्हे. धारावीत तिरुनेलवेलीकडून चामड्याच्या कामासाठी कुटुंबे आली, म्हणून तेथे तमिळ वर्ग निघाले. तेलंगणातले पद्मशाली विणकर गिरण्यांमुळे वरळीत स्थिरावले, म्हणून तेथे तेलुगू. गोवंडी, कुर्ला, मालवणी येथे उर्दू शाळांचा पट मोठा. एकाच इमारतीत दोन-तीन माध्यमांच्या शाळा आणि सकाळ-दुपारची सत्रे हे नेहमीचे दृश्य. ‘मनपा उर्दू शाळा क्र. २’ अशी पाटी दिसली की क्रमांक १ची शाळा बहुधा त्याच जिन्यावर सापडते.

मातृभाषेतली ही सोय मात्र मध्येच तुटते. पालिकेच्या माध्यमिक शाळा प्राथमिकच्या मानाने फारच कमी. सातवी-आठवीपर्यंत तमिळ किंवा कन्नडमधून शिकलेल्या मुलाला पुढे त्याच भाषेची शाळा जवळपास मिळणे कठीण असते. गळतीचा विचार करताना या वळणाकडे आधी पाहायला हवे. पालक उदासीन असतात हे नेहमीचे उत्तर फारसे उपयोगाचे नाही. पालकांनी आपल्यापुरता हिशेब केव्हाच केला आहे. गुजराती, कन्नड आणि मराठी माध्यमांचा पट घसरत गेला, इंग्रजीचा वाढत गेला.

प्रवेशाच्या बाबतीत २००९चा शिक्षणहक्क कायदा (अंमल १ एप्रिल २०१०) मुंबईसारख्या शहराला विशेष लागू पडतो. जन्मदाखला नाही म्हणून मुलाला परत पाठवता येत नाही. दुसऱ्या शाळेचा दाखला यायला उशीर झाला तरी प्रवेश अडवता येत नाही. उशिरा शाळेत आलेल्या मुलाला वयानुरूप वर्गात बसवून मागे राहिलेला अभ्यास वेगळ्या प्रशिक्षणातून भरून काढायचा असतो. बांधकाम संपले की बिऱ्हाड उचलणाऱ्या कुटुंबांना कायद्यातल्या बाकी कलमांपेक्षा हीच कलमे कामाची. शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश सदस्य पालक आणि एकूण सदस्यांत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असेही या कायद्यात आहे. रोजंदारी बुडवून दुपारच्या सभेला कोण येणार, हा प्रश्न कायद्याने सोडवलेला नाही.

घराचा खर्च हलका करणारी योजना म्हणजे २७ शालोपयोगी वस्तू: गणवेश, बूट, दप्तर, वह्या वगैरे मोफत. जून उलटून गेला, मुले भिजत शाळेत आली आणि रेनकोट अजून निविदेत, अशा बातम्याही या योजनेच्या परंपरेतल्याच. दुपारी शिजवलेला आहार मिळतो. मुलांच्या लेखी ती ‘खिचडी’, योजनेचे अधिकृत नाव २०२१पासून ‘पीएम पोषण’ झाले तरी. नोव्हेंबर २०२३मध्ये राज्य शासनाने आठवड्यातून एकदा अंडे किंवा केळे सुरू केले. जानेवारी २०२५मध्ये त्याचा निधी थांबवला. शालेय आरोग्य तपासणीत काही आढळल्यास मुलाला केईएम, शीव किंवा नायर रुग्णालयाकडे पाठवता येते. शाळा आणि मोठी रुग्णालये एकाच संस्थेची असण्याचा हा फायदा.

अभ्यासात मागे पडलेल्या मुलांसाठीचा एक प्रयोग याच शाळांतून जगाच्या अर्थशास्त्रात पोहोचला. माधव चव्हाण आणि फरिदा लांबे यांची ‘प्रथम’ संस्था १९९०च्या दशकात मुंबईच्या वस्त्यांत बालवाड्यांपासून कामाला लागली. पुढे तिने ‘बालसखी’ आणली. वस्तीतलीच, शालेय शिक्षण पुरे केलेली तरुणी तिसरी-चौथीतल्या मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज सुमारे दोन तास वर्गाबाहेर बसवून वाचन आणि आकडेमोड शिकवी. अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी मुंबई व वडोदरा येथे या उपक्रमाची चाचणी घेतली. बालसखीकडे गेलेल्या मुलांचे गुण वाढले. मूळ वर्गात उरलेल्यांना वर्ग लहान झाल्याचा म्हणावा तसा फायदा दिसला नाही. म्हणजे नुसती गर्दी कमी करून भागत नाही. मुलाला येते तेथून शिकवावे लागते. बॅनर्जी आणि डुफ्लो यांना २०१९मध्ये मायकेल क्रेमर यांच्यासह अर्थशास्त्राचे नोबेल मिळाले.

२०२०नंतर पालिकेने ‘मुंबई पब्लिक स्कूल’ हे नाव धारण केले आणि माहीमच्या वुलन मिल शाळेत आयसीएसई, जोगेश्वरीच्या पूनमनगर शाळेत सीबीएसई असे इतर मंडळांचे अभ्यासक्रम आणले. तेथे जागांपेक्षा अर्ज जास्त येऊ लागल्याने सोडत काढावी लागते. दुसरीकडे, २०२२मध्ये ‘मिशन ॲडमिशन’ मोहिमेत पालिकेचेच शिक्षक पट वाढवण्यासाठी वस्त्यांत दारोदार फिरत होते.